बायकांनी चालवलेला रेडिओ कार्यक्रम कसा उभा करायचा: टीम, विषय, मुलाखती, सुरक्षितता सगळं

रेडिओवर बायकांचा आवाज काही नवीन नाही, निवेदिका आहेत, आरजे आहेत, बातम्या वाचणाऱ्या आहेत. पण एखादा कार्यक्रम खरंच बायका चालवतात का हे बघायचं असेल तर आवाज कुणाचा येतोय ते बाजूला ठेवा आणि तीन गोष्टी विचारा. विषय कोण ठरवतं, एडिटिंगला कोण बसतं, आणि ऐन वेळी एखादा भाग थांबवायचा झाला तर तो कोण थांबवू शकतं. या तिन्हींचं उत्तर बाई असेल तर पुढचं सगळं शक्य आहे, नसेल तर कितीही चांगली स्क्रिप्ट लिहा, ती शेवटी कुणाच्या तरी परवानगीवरच चालणार.

याला जुना इतिहास आहे. बीबीसीने १९३३ साली शीला बॉरेट यांना राष्ट्रीय प्रसारणावर निवेदिका म्हणून बसवलं आणि तक्रारी आल्या म्हणून काही महिन्यांतच काढलं. नंतर १९४६ साली त्याच बीबीसीने खास बायकांसाठी ‘वुमन्स अवर’ सुरू केला, तर त्याचा पहिला निवेदक होता एक पुरुष, ॲलन आयव्हिमी. म्हणजे कार्यक्रम बायकांसाठी, पण सूत्रं दुसऱ्यांकडे. आणि हे फक्त तेव्हाचं नाही. ग्लोबल मीडिया मॉनिटरिंग प्रोजेक्ट १९९५ पासून साधारण दर पाच वर्षांनी जगभरातल्या बातम्या मोजतो, त्यांच्या २०२० च्या मोजणीत बातम्यांत जी माणसं दिसतात किंवा बोलतात त्यात बायका फक्त २५ टक्के होत्या.

तरी रेडिओच का, तर वाचता यायला लागत नाही, इंटरनेट लागत नाही, आणि हात कामात असतानाही ऐकता येतो. ज्या बाईला दिवसभरात बसून काही बघायला दहा मिनिटं मिळत नाहीत तिच्यापर्यंत जाणारं दुसरं माध्यम मला तरी माहीत नाही.

टीम आधी, विषय नंतर

पाच ते आठ जणी पुरतात. वय, शिक्षण, जात-समाज, लग्न झालेली, न झालेली, एकटी, अपंग, सगळं थोडं मिसळलेलं पाहिजे, नाहीतर एकाच प्रकारच्या बाईचे प्रश्न ‘सगळ्या बायकांचे प्रश्न’ म्हणून चालायला लागतात. छान बोलणारीलाच घ्यायचं असं करू नका. आपल्या भागातली माणसं ओळखणारी, जिच्याजवळ बायका मन मोकळं करतात अशी एक तरी हवीच, ती माइकवर एक शब्द नाही बोलली तरी चालेल.

कामं वाटताना एक चूक जवळजवळ सगळीकडे होते, बायका बोलणार आणि ‘टेक्निकल’ कुणीतरी मुलगा बघणार. हे पहिल्या दिवसापासून टाळा. कन्सोल (स्टुडिओतलं आवाज कमी-जास्त करायचं, मिसळायचं यंत्र), रेकॉर्डर, एडिटिंग सॉफ्टवेअर हे प्रत्येकीला आलं पाहिजे आणि दर महिन्याला कामं बदलली पाहिजेत. शिकवायला एखादा तंत्रज्ञ येणार असेल तर त्याला एकच अट घालायची, तू तोंडाने सांग, बटणं आम्ही दाबणार. तेलंगणातल्या माचनूर गावचा संगम रेडिओ २००८ पासून दलित शेतकरी बायका चालवतात, रेकॉर्डिंगपासून प्रसारणापर्यंत. शाळा कमी झाली म्हणून मशीन जमणार नाही हे म्हणणं तिथे कधीच खोटं ठरलंय.

स्टेशन दुसऱ्या कुणाचं असेल आणि तुम्हाला तिथे फक्त वेळ मिळणार असेल, तर संपादनाचा अधिकार कुणाकडे हे लिहून घ्या. साधं एक पान पुरे. विषय टीम ठरवेल, प्रसारणाआधी बदल करायचा असेल तर टीमला विचारायचं, तक्रार आली तर टीमला एकटं पाडायचं नाही, आणि कार्यक्रमाच्या आधी-नंतर कुठल्या जाहिराती लागणार हेही टीमला आधी कळवायचं. हे शेवटचं फार जणी विसरतात, मग रंगावरून मुलींना हिणवणं कसं चूक यावर अर्धा तास बोलायचं आणि लगेच गोरेपणाच्या क्रीमची जाहिरात वाजते, सगळी मेहनत पाण्यात.

मानधन, येण्याजाण्याची सोय, मूल सोबत आणता येईल अशी जागा, अंधार पडायच्या आत संपणारं रेकॉर्डिंग, हे सगळं बजेटमध्ये माइकच्या आधी लिहा. ‘सेवाभावाने’ बायका येतील असं धरून चाललेले कार्यक्रम काही महिन्यांत मान टाकतात, कारण घरचं काम कुणी वाटून घेत नाही आणि फुकटच्या कामासाठी घरात भांडणार किती.

रेडिओ घरात कुणाच्या हातात असतो

सर्व्हे म्हटलं की लोक मोठा फॉर्म काढतात. गरज नाही. वीस-पंचवीस बायकांशी निवांत बोला आणि त्यांच्या दिवसाचं घड्याळ लिहून काढा, किती वाजता उठतात, हात कशात असतात, घरात कोण असतं, रेडिओ किंवा फोन कुणाकडे असतो, आवाज मोठा करता येतो का. यातून वेळ आपोआप ठरते. स्टेशनवाले बहुतेक वेळा ‘दुपारी महिलांचा कार्यक्रम’ ठेवतात पण शेतावर किंवा कारखान्यात जाणारी बाई दुपारी घरी नसतेच. एकच वेळ सगळ्यांना जमत नाही म्हणून पुनःप्रसारण हवंच, तेही वेगळ्या वेळेला आणि वेगळ्या वाराला.

आणखी एक, जी गोष्ट माझ्या मते या सगळ्या कामाच्या मुळाशी आहे. रेडिओ मोठ्याने वाजतो. तुम्ही घरातल्या मारहाणीबद्दल बोलत असाल तेव्हा मार खाणारी आणि मारणारा एकाच खोलीत बसून ऐकत असू शकतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार जगात साधारण दर तीन बायकांमागे एकीने आयुष्यात कधीतरी शारीरिक किंवा लैंगिक हिंसा सोसलेली असते, त्यामुळे ‘आमच्या श्रोत्यांत असं कुणी नसेल’ हे धरूच नका. म्हणून मदतीचा फोन नंबर फक्त हिंसेच्या भागात द्यायचा नाही. तो रोज, प्रत्येक भागाच्या शेवटी, विषय काहीही असो, शक्यतो त्याच आवाजात आणि त्याच चालीत द्यायचा. मग तो ऐकताना कुणावर संशय येत नाही आणि लिहून ठेवायची सोय नसलेल्या बाईला तो हळूहळू पाठही होतो. द्यायच्या आधी मात्र स्वतः त्या नंबरवर फोन करून बघा, उचलतात का, रात्री उचलतात का, कुठली भाषा बोलतात, आणि हे दर महिन्याला परत करा. बंद पडलेला नंबर रेडिओवरून देणं हे नंबर न देण्यापेक्षा वाईट आहे.

विषय छोटा करा

‘स्त्री-पुरुष समानता’ हा विषय नाही होऊ शकत, तो फारतर पूर्ण मालिकेचा हेतू झाला. एका भागाचा विषय म्हणजे एक प्रश्न जो कुणीतरी खरंच कुणालातरी विचारेल. बायकोने कमावलेले पैसे कुठल्या खात्यात जातात? रात्रीची ड्युटी संपल्यावर घरी जायचं कसं? मुलगी मोठी झाली की तिची शाळा आधी का सुटते, भावाची का नाही? घर कुणाच्या नावावर आहे? पाळी असताना कामाच्या ठिकाणी काय करायचं? असा प्रश्न सापडला की स्क्रिप्ट निम्मी झालेली असते.

प्रश्न शोधायला दर महिन्याला एक बैठक टीमच्या बाहेरच्या बायकांसोबत घ्या आणि त्यात फक्त ऐका. मग आलेल्या प्रश्नांची छाननी करताना तीन गोष्टी तपासायच्या. यावर ऐकणारीला काही करता येण्यासारखं आहे का? आपल्याकडे खात्रीची माहिती आहे का? आणि हे प्रसारित झाल्यावर कुणाला घरी त्रास होईल का? तिसऱ्याचं उत्तर हो असेल तर विषय सोडायचा नाही पण मांडणी बदलायची, खऱ्या बाईच्या मुलाखतीऐवजी नाटुकली करायची किंवा वकील, नर्स यांच्याकडून माहिती द्यायची.

सुरुवातीचे काही भाग सगळ्यांना पटणाऱ्या विषयांवर ठेवावेत, आरोग्य, पैसे, शिक्षण, कागदपत्रं. याला कुणी घाबरटपणा म्हणेल, मी म्हणणार नाही. ऐकणाऱ्यांचा विश्वास बसायला वेळ लागतो आणि तो बसल्यावर अवघड विषय काढला तर घरातली मोठी माणसंसुद्धा रेडिओ बंद करत नाहीत.

अर्ध्या तासाचा भाग कसा बांधायचा

मॅगझिन पद्धत, म्हणजे एका भागात वेगवेगळे छोटे तुकडे जोडणं, सुरुवातीला सोपी पडते. सुरुवातीला अर्धा-पाऊण मिनिट थेट एखाद्या बाईचा आवाज, ओळख-बिळख नंतर. मग निवेदिका प्रश्न मांडते, मग सात-आठ मिनिटांची मुलाखत किंवा गोष्ट, मग तीन-चार मिनिटं रस्त्यावरच्या लोकांची मतं, मग माहिती सांगणारी व्यक्ती, मग श्रोत्यांचे व्हॉइस नोट, आणि शेवटी या आठवड्यात करून बघण्यासारखी एकच गोष्ट. एकच, पाच सांगितल्या तर एकही लक्षात राहत नाही. मधे गाणी टाकायची तर हक्कांचं बघून घ्या, आणि गाण्याचे शब्दही ऐका, तालावर बायकांना हिणवणारी गाणी भरपूर आहेत.

मालिका-नाटक जास्त मेहनतीचं, पण त्याची ताकद वेगळीच. मेक्सिकोच्या मिगेल साबिदो यांनी १९७० च्या दशकात टीव्ही मालिकांसाठी जी पद्धत बसवली ती पुढे रेडिओवरही खूप देशांत वापरली गेली. त्यात तीन तऱ्हेची पात्रं असतात, एक चांगल्या बाजूचं, एक वाईट बाजूचं, आणि तिसरं मधे अडकलेलं, जे चुकतं, घाबरतं, मागे फिरतं आणि हळूहळू बदलतं. ऐकणारी माणसं या तिसऱ्यात स्वतःला बघतात, त्यामुळे लिहिताना जास्तीत जास्त वेळ याच पात्राला द्या. आकाशवाणीची १९९६-९७ मधली ‘तिनका तिनका सुख’ ही नाट्यमालिका ऐकून उत्तर प्रदेशातल्या लुत्सान गावातल्या १८४ जणांनी सही करून पत्र पाठवलं होतं की आम्ही हुंडा देणार-घेणार नाही. अभ्यासकांना पुढे हेही दिसलं की बोलणं आणि वागणं यात गावात अंतर राहिलंच, जुन्या सत्तेने विरोध केलाच. म्हणून नाटकातही पात्र एका भागात बदललेलं दाखवू नका, ते कुणालाच पटत नाही.

लिहिताना वाक्यात करणारा दिसू द्या. ‘तिला मारहाण झाली’ असं लिहिलं की मारणारा वाक्यातून गायबच होतो, ‘नवऱ्याने तिला मारलं’ असं लिहा. आणि ती त्या वेळी कुठे होती, काय घातलं होतं, एवढ्या उशिरा बाहेर का होती, असले तपशील स्क्रिप्टमध्ये घुसलेच तर बाहेर काढा.

मुलाखत, आणि इथे घाई करू नका

संमती म्हणजे फॉर्मवर सही नव्हे. जिला वाचता येत नाही तिची सही घेऊन काय सिद्ध होणार? तिला समजेल असं सांगा की हे कुठपर्यंत ऐकू जाईल, परत लागेल का, इंटरनेटवर टाकणार का, टाकलं तर ते कायमचं राहील आणि सासरचे, शेजारचे, कामाच्या ठिकाणचे कुणीही ऐकू शकतील. मग तिला विचारा, हे प्रसारित झाल्यावर घरी काय होईल असं तुम्हाला वाटतं? या प्रश्नाच्या उत्तरातून बऱ्याचदा कळतं की मुलाखत घ्यावी की नाही. संमती तीनदा घ्यायची, बोलण्याआधी, बोलून झाल्यावर, आणि एडिट केलेला तुकडा तिला ऐकवून. प्रसारणाच्या आदल्या दिवसापर्यंत ती नाही म्हणू शकते आणि कारण विचारायचं नाही.

ओळख लपवायची असेल तर फक्त आवाज जाड-बारीक करून भागत नाही. बोलायची लकब, ठरावीक शब्द, हसणं यावरून जवळची माणसं लगेच ओळखतात, आणि पिच (आवाजाची पट्टी) बदललेला आवाज उलटा फिरवून परत मूळासारखा करणंही अवघड नसतं. सगळ्यात सुरक्षित म्हणजे तिचं बोलणं लिहून काढून दुसऱ्या बाईने वाचायचं, आणि श्रोत्यांना तसं स्पष्ट सांगायचं. गावाचं नाव, मुलांची संख्या, नवऱ्याचा धंदा, दवाखान्याचं नाव असे चार तपशील एकत्र आले की नाव न घेताही माणूस सापडतो, त्यामुळे तेही बदला किंवा गाळा. मूळ रेकॉर्डिंगच्या फाइलला तिचं नाव देऊ नका, पासवर्डमागे ठेवा, आणि गरज संपली की पुसा. लैंगिक अत्याचाराच्या प्रकरणात पीडितेची ओळख जाहीर करायला बऱ्याच देशांत कायद्याने बंदी आहे, तुमच्याकडे नेमका नियम काय ते वकिलाकडून समजून घ्या.

हिंसेबद्दल बोलताना नेमकं काय काय केलं हे खोदून विचारायची काहीएक गरज नसते. त्याऐवजी, तेव्हा कुणी मदत केली, कशाचा उपयोग झाला, कुणी ऐकून घेतलं नाही, आज दुसरीला काय सांगाल, हे विचारा. ऐकणारीला याचाच उपयोग आहे. ती रडायला लागली तर रेकॉर्डर बंद करायचा, पाणी द्यायचं, शांत बसायचं, आणि तो रडण्याचा आवाज कार्यक्रमात वापरायचा नाही. जिचा त्रास अजून चालू आहे, जी आजही त्याच घरात राहते, तिची मुलाखत घेऊ नका असंच मी म्हणेन, आधी तिला मदतीपर्यंत पोचवा. लहान मुलांना तर अत्याचाराबद्दल अजिबात बोलतं करू नका. आणि नवरा-बायको दोघांना स्टुडिओत बोलावून ‘समेट’ घडवण्याचा प्रकार कुणी कितीही आग्रह केला तरी नाही म्हणजे नाही, कार्यक्रम संपल्यावर ती त्याच्यासोबत घरी जाणार असते.

हे ऐकणाऱ्या टीमलाही त्रास होतो. एका आठवड्यात अशा दोन मुलाखती एकीनेच करायच्या नाहीत, आणि झाल्यावर आपसात बसून बोलायला वेळ ठेवा.

रेकॉर्डिंगचं तंत्र

हे त्या मानाने सोपं. साधा हातातला रेकॉर्डर पुरतो, नसेल तर चांगला फोन आणि बाहेरून जोडायचा छोटा माइक. माइक तोंडापासून साधारण वीतभर, किंचित तिरका, म्हणजे ‘प’ आणि ‘फ’चे फटके बसत नाहीत. हेडफोन लावल्याशिवाय रेकॉर्ड करायचंच नाही. पंखा बंद, फोन एअरप्लेन मोडवर, पत्र्याचं छत किंवा रिकाम्या भिंती असतील तर जाड चादरी-गोधड्या आजूबाजूला टांगा, घुमणं बरंच कमी होतं. फाइल वेव्ह फॉरमॅटमध्ये, लेव्हल उणे १२ डेसिबलच्या आसपास, कारण कमी आवाज नंतर वाढवता येतो पण फाटलेला आवाज दुरुस्त होत नाही. मुलाखत संपल्यावर त्याच जागेचा अर्धा मिनिट नुसता शांत आवाज घ्या, एडिटिंगमध्ये जोड लपवायला तो फार उपयोगी पडतो. ऑडॅसिटी हे सॉफ्टवेअर फुकट आहे आणि या कामाला पुरेसं आहे. एक मात्र जपा, वाक्य कापताना अर्थ बदलला जाऊ नये, तिने ‘पण’ म्हणून पुढे जे सांगितलं ते कापून आधीचंच ठेवणं हा तिचा विश्वासघात आहे.

स्टेशनच नसेल तर? प्रसारणाचा परवाना लांबची गोष्ट आहे, पण सुरुवात त्याच्यावर अडवू नका. कोस्टा रिकातला फायर हा स्त्रीवादी रेडिओ १९९१ मध्ये दुसऱ्यांच्या शॉर्टवेव्ह स्टेशनवरून सुरू झाला आणि पुढे इंटरनेटवर गेला. फिजीमध्ये फेमलिंक पॅसिफिक या बायकांच्या माध्यम संस्थेने २००४ पासून सुटकेसमध्ये मावणारं स्टेशन घेऊन गावोगाव प्रसारण केलं. तेही नसेल तर लाउडस्पीकर आणि मेमरी कार्डवरून सुरुवात करा.

फोन घ्यायचे कसे

लाइन उघडी ठेवली की पहिले पाचही फोन पुरुषांचे येतात, कारण फोन आणि मोकळा वेळ दोन्ही त्यांच्याकडे. त्यामुळे पहिली दहा मिनिटं फक्त बायकांचे फोन असा नियम हवेवरच सांगून टाका. ज्यांच्याकडे बॅलन्स नसतो त्यांच्यासाठी मिस्ड कॉल द्या, आम्ही फोन करतो अशी सोय ठेवा, पण परत फोन करताना ‘रेडिओवरून बोलतोय’ असं सुरुवातीलाच म्हणू नका, फोन कुणी उचललाय ते आधी बघा. आणि ती बाई स्वतः आहे, मोकळेपणी बोलू शकते, हे कळल्यावरच पुढचं. लाइव्ह कार्यक्रमात काही सेकंदांचा डिले लावता येतो, म्हणजे आवाज तेवढा उशिरा हवेवर जातो, शिव्या किंवा कुणाचं नाव आलं तर कापायला. फोनवर कुणी मदत मागितली तर हवेवर सल्ला देत बसू नका, लाइनवर थांबवून टीममधल्या दुसरीने तिच्याशी बोलायचं.

पुरुषांना बाहेर ठेवा असं मी म्हणत नाही. घरकाम वाटून घेणारा, मुलीच्या नावावर घर करणारा साधा माणूस जरूर बोलवा. पण बायकांच्या अनुभवावर शेवटचं मत देणारा ‘तज्ज्ञ’ म्हणून दर वेळी पुरुषच बसलेला नको. त्या विषयातली डॉक्टर, वकील, बँकेत काम करणारी बाई शोधायला दोन फोन जास्त लागतील, तेवढे करा.

गटाने ऐकणं

एकटीने ऐकलेलं मनात राहतं, पाच जणींनी मिळून ऐकलेलं बाहेर पडतं. एफएओच्या (संयुक्त राष्ट्रांची अन्न व शेती संघटना) दिमित्रा क्लबांनी, म्हणजे गावातल्या चर्चागटांनी, नायजर, सेनेगल, काँगो या देशांत हे केलंय, बायकांचे वेगळे, पुरुषांचे वेगळे, तरुणांचे वेगळे आणि मिश्र गट, सोबत रेडिओवरून चर्चा. तुम्ही दोन-तीन गटांनी सुरुवात करा. प्रत्येक गटात एक जण वहीत तीनच गोष्टी लिहील, काय पटलं, काय पटलं नाही, पुढे कशावर हवंय. नवीन मालिकेचा पहिला भागही प्रसारणाआधी याच गटाला ऐकवा. त्यांना कळलं नाही तर चूक त्यांची नाही, भाग बदला.

विरोध येणार

‘घरं मोडताय’ हे ऐकावं लागणारच. त्याची तयारी पहिल्या भागाआधी करा. निवेदिकांची पूर्ण नावं आणि राहण्याचं ठिकाण हवेवर नको, धमकीचा प्रत्येक फोन-मेसेज तारीख-वेळेसह नोंदवायचा, रेकॉर्डिंगला जोडीनेच जायचं, आणि संकटात कुणाला फोन करायचा ती दोन नावं प्रत्येकीकडे असली पाहिजेत. एखाद्या जणीच्या घरून दबाव आला तर तिला माइकवरून थोडे दिवस एडिटिंगवर घ्या, काम सोडायला लावू नका. काबूलमध्ये ८ मार्च २०२१ ला सुरू झालेल्या रेडिओ बेगम या बायकांच्या स्टेशनने, तालिबान आल्यावर मुलींच्या शाळा बंद झाल्या तेव्हा, हवेवरून धडे चालू केले. परिस्थिती आवळली तशी त्यांनी कामाची रीत बदलली.

काय मोजायचं

किती लोकांनी ऐकलं हा आकडा प्रायोजकाला लागतो, तुम्हाला वेगळे आकडे लागतील. महिन्यात बायकांचे किती फोन आले, त्यातल्या पहिल्यांदा करणाऱ्या किती, मदतीच्या नंबरवर तुमचं नाव सांगून किती जणी गेल्या (हे त्या संस्थेला विचारा, नावं न घेता), गटाच्या वहीत काय लिहिलंय. आणि स्वतःच्या चार भागांवर घड्याळ लावून बघा की बायका किती मिनिटं बोलल्या आणि त्यातली किती मिनिटं निवेदिकाच बोलत होती. निवेदिकेचा वाटा निम्म्याच्या वर गेला असेल तर पुढच्या महिन्यात स्क्रिप्ट कापा.

सहा महिने झाले की नव्या दोन-तीन जणींना टीममध्ये घ्या. जुन्यांनी त्यांना शिकवायचं, एक भाग त्यांनी पूर्ण स्वतः करायचा, विषयापासून फायनल मिक्सपर्यंत, आणि त्या दिवशी जुन्यांनी स्टुडिओच्या बाहेर बसायचं.